तेरावा खडा

दगड वर उडाला की खाली येतो, एवढं कळायला मास्तर लागत नाही. पण तो कुठे येतो हे सांगायला मात्र बोईसरच्या पूर्वेला, टेकडीवरच्या खडीच्या खाणीत एक मास्तर ठेवलेला होता. वामन त्याचं नाव, माकुणसारचा. अकरा वर्षं एका शाळेत पोरांच्या डोक्यात वर्गसमीकरणं कोंबून कंटाळला आणि चौसष्ट साली एका ठेकेदाराकडे मोजणी-कारकून म्हणून लागला. तारापूरच्या अंगाला कामं निघाली होती, रस्त्यांना खडी पुरत नव्हती आणि आकडेमोड येणारा माणूस मिळत नव्हता. शाळा सुटली, पण मास्तर हे नाव काही सुटलं नाही.

तर त्या फेब्रुवारीत या मास्तराकडे रोज संध्याकाळी एक माणूस यायचा, आणि तो चढण चढून येताना दिसला की मास्तर वही उघडून तिच्यात तोंड खुपसायचा.

तो म्हणजे जिवल्या. टेकडीच्या पायथ्याच्या पाड्यावरचा वारली, उतारावर टीचभर नागली, म्हणजे नाचणी, करणारा आणि पाऊस संपला की खाणीवर येणारा. आठ दिवसांपूर्वीपर्यंत त्याच्याकडे लाल निशाण लावायचं काम होतं. आता तो बायांच्या रांगेत बसून खडी फोडत होता. काम सुटलं की यायचा, कमरेच्या फडक्याची गाठ सोडायचा आणि बोराएवढा एक पांढरा खडा तळहातावर धरायचा.

"मास्तर, सांग ना. हा कां उरला?"

सगळ्यांना तो तूच म्हणे. पाड्यावर देवालाही तूच म्हणत, तिथे मास्तराचं काय.

"जिवल्या, तुझी मोजणी बरोबर होती," असं मास्तराने एकदा तरी म्हणायला हवं होतं. पण तो म्हणायचा, "घरी जा. जेव काहीतरी." आणि जिवल्या तसाच उभा राहायचा. जेवण त्याला जात नव्हतं. गालफडं बसली होती. नवसी मेली, ती आपण मोजायला चुकलो म्हणून मेली, असं त्याच्या डोक्यात घट्ट बसलं होतं आणि रोज थोडं थोडं ते त्याला खात होतं.

नवसी त्याची बायको.

आता हा खड्यांचा प्रकार सांगायला हवा. खाणीत दुपारी बारा वाजता सुरुंग उडत. त्याआधी चहूबाजूंना लाल निशाणं लावायची, त्यांच्या आत कोणी यायचं नाही, बाहेर खुशाल उभं राहायचं. निशाण किती लांब लावायचं ते ठरवायला मास्तर. त्याने ते काम मन लावून केलं, उगाच खोटं कशाला बोलू. टेकडीच्या माथ्यावर सपाट माळ होता, तिथे चाचणीचे तीन सुरुंग उडवून घेतले. सर्वांत लांब गेलेला दगड भरला पाचशे बारा फुटांवर. उडालेला दगड कमानीसारखा जातो, वर चढतो आणि तितकाच उतरतो. त्या कमानीचं समीकरण त्याने वहीत मांडलं. आडवं अंतर क्ष धरलं तर दगडाची उंची म्हणजे क्ष वजा क्ष वर्ग भागिले पाचशे बारा. दगड जमिनीला टेकला म्हणजे उंची शून्य. सोडवलं की क्ष पाचशे बारा. वर सावधगिरी म्हणून अठ्ठ्याऐंशी फूट चढवले आणि झाले सहाशे. ठेकेदाराच्या साहेबाने वही पाहिली आणि वा म्हणाला. मास्तर दोन दिवस हवेत होता.

सहाशे फूट म्हणजे जिवल्याची दोनशे चाळीस पावलं. पण जिवल्याला शंभरापर्यंत अंक येत नव्हते. पाड्यावर विसांनी मोजतात. वीस झाले की एक खडा टाकायचा, पुन्हा एकापासून. म्हणून मास्तराने त्याला सांगितलं, बारा विसा. बारा खडे कमरेला बांध, प्रत्येक विसाला एक टाक, बारावा पडला की तिथे निशाण. जिवल्या बोटांच्या पेरांवर बारा घोकत गेला. रोज सकाळी नवसी खडे मोजून त्याच्या फडक्याला बांधायची, कारण त्याच्यापेक्षा तिची मोजणी पक्की होती. पिकाच्या दिवसांत माळ्यावर, म्हणजे शेतातल्या उंच मचाणावर, बसून गोफणीने पाखरं हाकणारी बाई ती, तिचा दगड सहसा वाया जात नसे.

पहिल्याच आठवड्यात जिवल्या मास्तराला म्हणाला होता, "मास्तर, खालच्या अंगाला आणखी एक वीस जाऊं दे. नवसी बोलते, भुईवरून गोफण मारली तर धोंडा ओहोळात पडतो. माळ्यावरून मारली तर ओहोळाच्या पार जातो."

आणि मास्तर हसला होता. तुच्छतेने नाही हो, लाडाने हसला, वर्गातल्या ढ पोराकडे बघून हसावं तसा. म्हणाला, "नवसीला म्हणावं, हे गोफणीचं काम नाही, गणिताचं आहे. बारा म्हणजे बारा. एक कमी नाही, एक जास्त नाही." जिवल्याने मान हलवली. शिकलेल्या माणसाने सांगितलं की त्याच्यापुढे बायकोचं काय चालणार.

त्या दिवशी नवसी नागलीची भाकर घेऊन आली आणि निशाणाच्या पलीकडे, सुरक्षित बाजूला, पळसाच्या झाडाखाली थांबली. जिवल्या निशाणाशी उभा होता. भोंगा झाला, सुरुंग उडाले, धूळ उठली. जिवल्याच्या डोक्यावरून काहीतरी गेलं. त्याने वळून पाहिलं तेव्हा ती पडलेली होती आणि भाकरीचं फडकं तिच्या हातातच होतं.

ती कोसळली तेव्हा आरडाओरडा झाला, माणसं धावली, ते सगळं सांगत नाही. मास्तराने काय केलं ते सांगतो. माणसं तिला पाड्यावर घेऊन गेली आणि उतार रिकामा झाला, तेव्हा तो फीत घेऊन एकटाच खाली उतरला. निशाणाचा बांबू दगडांच्या ढिगात खोचलेला असे. तो ढीग अजून जागेवर होता. मास्तराने फीत आडवी ताणत ताणत अंतर काढलं. सहाशे दोन फूट. जिवल्याची मोजणी बिनचूक होती. मग त्याने तो दगड शोधला. पळसाच्या बुंध्याशी होता, नारळाएवढा. सहाशे चाळीस.

तिथेच उकिडवा बसून त्याने वही उघडली. समीकरणाच्या उजव्या बाजूला त्याने शून्य लिहिलं होतं. अकरा वर्षं फळ्यावर तो शून्यच लिहीत आला होता, कारण पुस्तकातला चेंडू नेहमी मैदानावरच पडतो. इथे मैदान कुठे होतं? खाणीच्या तोंडापासून पळसाची जमीन एकशे साठ फूट खाली होती, साहेबाच्या नकाशात तसं लिहिलेलंही होतं. दगड शून्यावर येऊन थांबत नाही, पुढे खाली जातच राहतो आणि खाली जाता जाता लांब जातो. त्याने शून्य खोडलं, उणे एकशे साठ लिहिलं. क्ष वर्ग वजा पाचशे बारा क्ष वजा एक्याऐंशी हजार नऊशे वीस. मुळं काढली. वर्गमूळ पूर्ण सुटलं, सातशे अडुसष्ट. क्ष बरोबर सहाशे चाळीस. इतकं सुबक उत्तर त्याला परीक्षेच्या पेपरातही कधी काढता आलं नव्हतं.

माळा आणि ओहोळ. तिने नेमकं हेच सांगितलं होतं.

तरी त्या संध्याकाळी त्याने तोंड उघडलं असतं, असं तो स्वतःला सांगत राहिला. पण कचेरीत नरहरी मुकादम कागद घेऊन बसला होता. नरहरी वाईट माणूस नव्हता. नोकरीला चिकटलेला होता, इतकंच.

"मास्तर, दोनच गोष्टी आहेत," तो म्हणाला. "एक तर तुमचा आकडा चुकला, नाहीतर त्याची पावलं चुकली. साहेब विचारतायत कोणती लिहू. आकडा चुकला तर तुम्हीही गेलात आणि मीही गेलो. तो काय, अडाणी माणूस. त्याला उद्या खडी फोडायला लावतो, उपाशी नाही मरणार."

मास्तराने सही केली. निशाण लावणाऱ्याने मोजण्यात चूक केली, साक्षीदार वामन. मग नरहरीने माणसं पाठवून तो दगडांचा ढीग विस्कटून टाकला. आणि त्याच रात्री जिवल्याला कमरेच्या गाठीत एक खडा सापडला. बारा बांधले, बारा टाकायचे होते, मग हा उरला कसा? म्हणजे आपण अकराच टाकले. म्हणजे निशाण एक वीस अलीकडे लागलं. मुकादम सांगतो ते खरंच. दुसऱ्या दिवशी तो मास्तराकडे आला आणि मग रोज येत राहिला.

आठ दिवस साहेबाने सुरुंग बंद ठेवले. आठही दिवस मास्तर त्या खड्याकडे बघत राहिला. खडा का उरला हे त्याला खरोखरच उमगत नव्हतं. ढिगापर्यंत त्याने स्वतः फीत लावली होती, बाराच्या बारा पडलेच होते. कधी त्याला वाटे, जिवल्याला फितीचं तरी सांगावं. पण फितीचं सांगितलं की पुढचा प्रश्न येणार, मग दगड तिथवर आला कसा. उमरोळीच्या खोलीवर हंसा, त्याची बायको, ताट वाढायची आणि ते तसंच उचलून न्यायची. एकदा ती म्हणाली, "शाळेत परत जाऊ या आपण." तो तिच्यावर खेकसला. मग मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारत बसला, कारण फळ्यापुढे उभं राहायची त्याला भीती वाटत होती.

नवव्या दिवशी सुरुंग पुन्हा सुरू व्हायचे होते. निशाण कुठे लागणार? सहाशे फुटांवरच. कागदाप्रमाणे आकडा बरोबर होता, माणूस चुकला होता. तेव्हा माणूस बदलला आणि आकडा तोच ठेवला. चिंतू नावाच्या नव्या गड्याला नरहरीने फितीने जागा मोजून दिली.

बाराला दहा मिनिटं कमी असताना भागी कचेरीच्या दारात आली. भागी म्हणजे नवसीची धाकटी बहीण, तीही खडी फोडायला यायची. धापा टाकत होती.

"मास्तर, दाजी कामावर नाय. सकाळधरून पळसाखाली बसलाय. उठत नाय. तू सांग, तुझं आयकंल."

"कशाला बसलाय?"

"बोलतो, आज निशाण मुकादमाने मोजून लावलंय, म्हणजे बरोबर हाय. धोंडा इथवर नाय आला तर चूक माझी. आला तर माझी नाय. बघूं दे बोलतो."

हा माणूस जिवावर उदार होऊन पडताळा घेत बसला होता. आठ दिवस जे मास्तराने सांगितलं नाही, ते तो आता दगडाला विचारणार होता.

"तो सारखा एक खडा दाखवतो मला," मास्तर घाईत म्हणाला. "बारातला एक उरला म्हणतो. तुला काही बोलला?"

"नाय." भागी गोंधळली. "बारातला कसा? ताईने त्या दिशी तेरा बांधले होते. माझ्यादेखत. बोलली, मास्तर आयकत नाय, हा पण मास्तराचंच आयकतो. एक वाढवला तर पावलं आपोआप वाढतील."

मास्तर दाराच्या चौकटीला धरून उभा राहिला. तेरा बांधले होते. जिवल्याने पेरांवर बारा मोजले, मास्तराचा शब्द पाळला आणि तेरावा गाठीत राहिला. तेरा विसा म्हणजे सहाशे पन्नास फूट. वर्गमूळ नाही, क्ष नाही, आणि तिचं उत्तर सहाशे चाळीसच्या दहा फूट पुढे पोचलं होतं. निशाण तिथे असतं तर ती त्याच्याही पलीकडे थांबली असती आणि आज भाकर घेऊन आली असती.

पहिला भोंगा झाला. मास्तर नरहरीकडे धावला. "थांबवा. सुरुंग थांबवा. जिवल्या खाली पळसाखाली बसलाय."

नरहरीने त्याच्याकडे बघितलं. आसपास बाया-गडी उभे होते. "निशाणाच्या बाहेर आहे ना? मग बसू दे की. का, बाहेर धोका आहे?" प्रश्न साधा होता आणि तो विचारताना नरहरीचा चेहरा पांढरा पडला होता.

"आहे," मास्तर म्हणाला. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं पुन्हा म्हणाला, "आहे. आकडा चुकलाय. माझा आकडा. जिवल्याची मोजणी बरोबर होती, मी त्याच दिवशी फीत लावून बघितलं होतं. मी खोटी सही केली."

दुसरा भोंगा झाला. खाणीच्या तोंडाकडून सुरुंगवाला "हटो, हटो" ओरडत पळत आला. वाती पेटल्या होत्या. आता त्या विझवायला कोण जाणार?

मास्तर उतारावर सुटला. चपला कुठे गेल्या त्याला कळलं नाही. निशाणाशी चिंतू काय झालं म्हणत आडवा आला, मास्तर त्याला ढकलून गेला आणि ओरडला, "तूही खाली पळ, लांब." पळसाला फुलं आली होती आणि खाली जिवल्या मांडी घालून बसला होता, तळहातावर खडा घेऊन.

"ऊठ. जिवल्या, ऊठ. दगड इथे येतो. तुझी चूक नव्हती, माझी होती."

जिवल्याने वर बघितलं. "मुकादम बोलला माझी. कागदावर हाय. तू पण अंगठा केलास."

"खोटं होतं ते. मी घाबरलो. तुझं निशाण बरोबर जागेवर होतं, मी मोजलंय."

"आठ दिस नाय बोललास." तो शांतपणे म्हणाला. "आता बोलतोस, कारण मी मरंन बोलून. तू पण कागदाचा, तो पण कागदाचा. धोंडा काय सांगतो ते बघूं दे."

मास्तराने त्याचा दंड धरून ओढलं. खडी फोडणाऱ्याचा दंड तो, जागचा हलला नाही. वात किती उरली असेल? मास्तर त्याच्यासमोर गुडघ्यांवर आला आणि हात जोडले. आयुष्यात त्याने कोणापुढे असे जोडले नव्हते.

"तो खडा बारातला नाही. तेरावा आहे. नवसीने जास्तीचा बांधला होता. भागीला विचार, तिच्यादेखत बांधला. तिला ठाऊक होतं दगड इथवर येतो. तू एक वीस पुढे जावास म्हणून तिने बांधला. मी बारा म्हटलं म्हणून तू बारा टाकलेस. तू चुकला नाहीस रे. तू माझं ऐकलंस."

जिवल्या खड्याकडे बघत राहिला. त्याचे ओठ हलत होते. त्याने अंगठा पेरांवरून फिरवला, एक ते बारा, सावकाश, आणि बाराव्या पेरावर येऊन थांबला. मग तो उठला.

मास्तराला वाटलं आता पळेल. तो पळाला नाही. निशाण तिथून सोळा पावलं मागे होतं. पळसाकडे पाठ करून तो उताराच्या दिशेने चालू लागला आणि मोठ्याने मोजू लागला, "सतरा, अठरा." मास्तर त्याच्या पाठीला लागून चालला, त्याला पुढे लोटायचंही सुचेना. "एकोणीस, वीस." विसाव्याला जिवल्याने हात उघडला आणि खडा खाली पडला.

मागे टेकडी फुटल्यासारखा आवाज झाला. दोघेही जमिनीवर आडवे झाले. वरून बारीक खडे पडले, धूळ आली, आणि मग पळसाची एक फांदी कडकडून मोडली. काही वेळाने मास्तराने मान वळवली. नारळापेक्षा लहान एक दगड पळसाखाली, जिवल्या बसला होता तिथून हातभर अंतरावर, मातीत रुतला होता. आजूबाजूला लाल फुलं पडली होती. ते दोघे होते तिथवर एकही मोठा दगड आला नव्हता.

जिवल्या उठून बसला. तो दगड त्याने खूप वेळ पाहिला. नवसी गेल्यापासून तो रडला नव्हता. आता त्याने तोंडावर हात घेतले आणि रडला, अंग गदगदा हलेपर्यंत. वरून माणसं उतरून येत होती. भागी सगळ्यांच्या पुढे होती.

"मी नाय मारली तिला," तो म्हणाला.

"नाही."

"तिला ठावं होतं."

"हो."

"मी तुला बोललो होतो. माळ्याचं बोललो होतो."

"हो," मास्तर म्हणाला. "बोलला होतास."

जिवल्याने डोळे पुसले. पायाशी पडलेला खडा त्याने उचलला नाही, तिथेच राहू दिला. मग मास्तराकडे सरळ बघून म्हणाला, "तू हसला होतास."